बसता आणि बस्ता

गेल्या महिन्यात सदाशिव पेठेतल्या एका सभागृहात जोडाक्षरांवर अडीच तास चर्चा झाली. एक बाजू म्हणत होती, पहिली-दुसरीच्या पुस्तकांतून जोडाक्षरं शक्य तितकी काढून टाका, उरतील ती पाय मोडून सुटी छापा; लहान मुलांच्या जिभेला ती झेपत नाहीत. दुसरी बाजू म्हणत होती, मराठी जशी बोलतो तशीच लिहितो हे आपल्या लिपीचं वैभव आहे, तिच्यातलं एकही जोडाक्षर हलवू देणार नाही. टाळ्या दोन्हीकडे भरपूर पडल्या. मी सत्तावीस वर्षं महापालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं आहे. त्या खुर्चीवर बसून माझा जीव तुटत होता, कारण दोन्ही बाजू जे गृहीत धरून भांडत होत्या तेच मुळात चूक आहे. जोडाक्षर म्हणून जिभेला अवघड असं काही नसतं. आणि मराठी आपण जशी बोलतो तशी लिहीत नाही. दोघंही पुस्तकाच्या पानाकडे बघून बोलत होते. मुलाच्या तोंडाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी बोललेलं अक्षर शिकवा, कानाला ओळखू येईल असं शिकवा, मग लिहिलेल्या अक्षराकडे या. हा क्रम धरला तर जोडाक्षरं काढावीही लागत नाहीत आणि त्यांची पूजाही करावी लागत नाही.

लग्नसराईत लक्ष्मी रस्त्यावरचा दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो, “बस्ता बांधायचाय का? मग जरा बसता का आत?” हे वाक्य मोठ्यांदा म्हणून बघा. कपड्यांचा ‘बस्ता’ आणि तुम्ही ‘बसता’ यांच्या उच्चारात फरक सापडतो का? दोन्हीकडे तोंडातून दोनच तुकडे बाहेर पडतात: बस्-ता. कागदावर मात्र एकात जोडाक्षर आहे, दुसऱ्यात तीन सुटी अक्षरं. ‘रस्ता’ आणि ‘नसता’ यांचंही तेच. मुलगा आपण मुल्-गा म्हणतो, चिमटा चिम्-टा, सरकार सर्-कार, कळलं कळ्-लं. म्हणजे ज्या मुलाच्या जिभेला जोडाक्षर झेपत नाही असं आपण म्हणतो, ते मूल सकाळी उठल्यापासून व्यंजनाला व्यंजन चिकटवतच बोलत असतं. फक्त आपण ते जोडून लिहीत नाही.

एक स्वर आणि त्याच्या मागेपुढे चिकटलेली व्यंजनं मिळून एका झटक्यात बाहेर पडणारा बोलण्याचा तुकडा, याला इंग्रजीत सिलॅबल म्हणतात. आपल्याकडे त्याचं नाव अक्षर. गायत्री छंदाची २४ अक्षरं, अनुष्टुभाची ३२, ही मोजणी ज्यांनी केली त्यांच्यासमोर पोथी नव्हती. पाठांतराच्या परंपरेतली ती कानाची मोजणी होती. पुढे हाच शब्द कागदावरच्या आकृतीलाही लागला, आणि तिथून आपला घोळ सुरू झाला. बोललेलं अक्षर आणि लिहिलेलं अक्षर यांना नाव एकच, म्हणून ती दोन्ही एकच असणार असं आपण धरून चाललो.

ती एक नाहीत हे पुण्यातल्या कितीतरी घरांत मुलांना नकळत पाठ असतं. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत: लघु, गुरु, गुरु, असं चार वेळा. ‘मना सज्जना’ म्हणताना म लघु, ना गुरु, आणि स? स तर ऱ्हस्व दिसतो, मग तो गुरु कसा? कारण तोंडात तो नुसता स नसतोच, सज् असतो. लिहिताना आपण स-ज्ज-ना असे तुकडे पाडतो, म्हणताना सज्-ज-ना असे. जोडाक्षराचा पहिला भाग मागच्या अक्षराला जाऊन मिटतो. ‘जोडाक्षरापूर्वीचं अक्षर गुरु’ हा नियम वृत्तांच्या धड्यात आपण घोकला, पण जोडाक्षर तोंडात फुटतं, हेच त्या नियमाचं कारण आहे, असं किती जणांना सांगितलं गेलं?

उलट दिशेचं उदाहरण अभंगात सापडतं. ‘सुंदर ते ध्यान’ ही तुकोबांची सहा अक्षरं: सुं, द, र, ते, ध्या, न. रोजच्या बोलण्यात हीच चार होतात: सुं-दर्-ते-ध्यान्. टाळ-मृदंगावर मात्र सहाच्या सहा लागतात. त्याशिवाय सहा, सहा, सहा, चार हा अभंगाचा साचा उभाच राहत नाही. म्हणून आपली लिपी खोटं लिहिते असं मी म्हणणार नाही. ती सावकाश, गाऊन म्हटलेली मराठी लिहिते, शेवटच्या अकारासकट. रस्त्यावर बोललेल्या मराठीतून तो अकार गळून गेला आहे. लिपीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तो या कारणासाठी बाळगावा. ‘बोलतो तशी लिहितो’ हे कारण घर्, गाव्, पेठ् या पहिल्या तीन शब्दांतच कोसळतं. आणि गंमत अशी की अकार खरोखर उच्चारायचा असतो तेव्हा आपण त्यावर टिंब देतो. घर हे एक अक्षर, घरं ही दोन. तेच फळ आणि फळं यांचं. ‘घरं’वरच्या टिंबाला अशुद्ध म्हणून ‘घरे’ लिहायला लावणाऱ्यांनी हे बघावं की ते टिंब कानातलं एक अख्खं अक्षर सांभाळून आहे.

आता जोडाक्षरं नकोत म्हणणाऱ्यांची बाजू. ती हलकी नाही, आणि सभागृहात तिची जी चेष्टा झाली ती मला आवडली नाही. डोळ्याला जोडाक्षर खरंच अवघड असतं. एकटा र घ्या: सूर्यात तो डोक्यावर बसतो, क्रमात पायाशी येतो, ट्रकात खाली काकपद होतो, दऱ्यांमध्ये आडवा पडतो. एका ध्वनीसाठी मुलाने चार आकार शिकायचे. क्ष आणि ज्ञ मध्ये आत काय आहे ते दिसतच नाही. वारज्याच्या बांधकामांवरून माझ्या वर्गात येणाऱ्या मुलांच्या घरी कन्नड असायची, तेलुगू असायची, कुणाची लमाणी. त्यांच्यासाठी हा डोंगर आणखी उंच. हे सगळं मला मान्य आहे. पण हा त्रास आकाराचा आहे, त्यावर उपाय आकार ओळखण्याच्या सरावाचा हवा. जिभेचं निमित्त करून शब्दच काढून टाकले तर मुलाला येत असलेली भाषा आपण त्याच्यापासून लपवली असं होईल. अण्णा, अक्का, आज्जी, मम्मी, पप्पा: मराठी बाळाच्या अगदी पहिल्या शब्दांत ही जोड आहे. वर्षाच्या लेकराला जमतं ते सातव्या वर्षी कसं झेपत नाही?

सगळी जोडाक्षरं तोंडाला सारखी नसतात हे मात्र खरं आहे, आणि या फरकाबद्दल त्या दिवशी कुणीच अवाक्षर काढलं नाही. लहानपणी आमच्या वाड्यात आम्ही ‘च’ची भाषा बोलायचो: मला म्हणजे चलाम, तुला म्हणजे चुलात. पहिल्या अक्षरातलं व्यंजन काढून शेवटी नेऊन ठेवायचं, त्याच्या जागी च. त्या भाषेत प्रसाद नावाच्या मुलाला आम्ही ‘चसादप्र’ म्हणायचो. प्र कुणी फोडला नाही. पुस्तकाचं मात्र ‘चुस्तकप’ व्हायचं, स्त जागचा हलायचा नाही. आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं की शब्दाच्या सुरुवातीचा प्र हा एकाच अक्षराचा आरंभ आहे आणि पुस्तकातला स्त दोन अक्षरांत वाटला गेलेला आहे. कानाला ते ठाऊक होतं. म्हणून प्र, क्र, स्व, द्वार असे आरंभीचे गुच्छ जरा उशिरा आणावेत, आणि हत्ती, गल्ली, रस्ता, चष्मा आधी आणावेत, एवढं मी आनंदाने मान्य करीन. सरसकट ‘जोडाक्षर’ नावाचा एकच शत्रू उभा करणं मला मान्य नाही.

पाय मोडून लिहिण्याचंही तसंच. शालेय पुस्तकांत ‘विद्‌यार्थी’ असं सुटं छापलेलं दिसतं, त्यावर निम्मी सभा चिडली होती. चिडण्याआधी हे कबूल करायला हवं की ही फोड निदान अक्षराच्या सीमेजवळ पडते. ‘द्‌वार’ असं फोडलं तर मात्र एकच अक्षर मधोमध चिरलं जाईल. तरीही विद्‌यार्थी मला पटत नाही. मराठीत ‘विद’ लिहा नाहीतर ‘विद्’, वाचायचं एकच. तो मोडलेला पाय मुलाला काही नवं सांगत नाही. ते ‘विद’ म्हणून थांबतं आणि मग ‘यार्थी’ म्हणतं. आपण बोलताना तिथे थांबत नाही. आपण विद्-द्यार्-थी म्हणतो: द मागचं अक्षर मिटवतो आणि पुढचंही उघडतो. दोन्हीकडे हात असलेला तो द एकत्र लिहिलेल्या ‘द्या’मध्ये नीट राहतो. कोरियाच्या राजा सेजाँगने १४४६ साली जाहीर केलेल्या लिपीत प्रत्येक ध्वनीला स्वतंत्र चिन्ह होतं, तरी ती चिन्हं त्याने एका रांगेत न मांडता अक्षराच्या चौकोनात बांधली. विसाव्या शतकात तिथल्याही काही सुधारकांनी ती सुटी करून ओळीत लिहावीत असा आग्रह धरला. तो रुजला नाही. कोरियन वाचक आजही चौकोनच वाचतो.

या वादात एक जुनं दुखणंही लपलेलं आहे, आणि पुण्यात ते उघड बोललं पाहिजे. परसाद, परकाश, धरम, गिलास, ठेसन असं बोलणाऱ्या मुलाला या शहराने पिढ्यान्‌पिढ्या हसून गप्प केलं आहे. जोडाक्षरं काढा म्हणणाऱ्यांच्या पोटात हा राग आहे आणि तो रास्त आहे. पण परसाद हे अज्ञान आहे असं कोण म्हणतं? आपल्याच जिल्ह्यात जुन्नरजवळ नाणेघाटाच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहन राणीच्या पुतळ्यावर नाव कोरलं होतं: ‘देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो’, म्हणजे राणी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी यांचा. श्री नाही, सिरि. गुच्छाच्या मध्ये स्वर घालून दोन सोपी अक्षरं करायची, प्रसादचा परसाद होतो त्याच रीतीने. ते राजघराण्याचं बोलणं होतं. आणि सातकर्णीचा ‘सातकनि’ बघा. प्राकृतात तोंडात ते सातकण्णि होतं, पण तेव्हाच्या प्राकृत लेखनात जुळं व्यंजन दाखवण्याची पद्धत नव्हती. बसता आणि बस्ता यांच्यातली फट इतकी जुनी आहे. पाणी म्हणा की पानी, अक्षरं दोनच, ठेका तोच. पेठेतलं मूल आणि वस्तीवरचं मूल यांच्यात जे समान आहे तिथून शिकवायला सुरुवात करायची असेल तर ती बोललेल्या अक्षरापासूनच होऊ शकते.

संख्यांचा वाद आठवतोय? २०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तेचाळीससाठी ‘चाळीस सात’ असं वाचन आलं आणि बालभारतीपासून विधानसभेपर्यंत गदारोळ झाला. मराठी संख्यानामांचा क्रम उलटा आहे, अंक आधी चाळीसचा लिहायचा आणि बोलायचं सात आधी, हा आक्षेप अगदी खरा आहे. त्याने मुलं अडखळतात हे मी रोज बघितलं आहे. पण जोडाक्षरांमुळे ही नावं अवघड, हे दुसरं कारण मला कधीच पटलं नाही. सत्तेचाळीस म्हणजे सत्-ते-चा-ळीस्, चार सरळ अक्षरं. यातला ‘सत्त’ कुठून आला? संस्कृतातल्या सप्तचं प्राकृतात सत्त झालं आणि मराठीत सात. हस्त, हत्थ, हात. कर्म, कम्म, काम. दुग्ध, दुद्ध, दूध. दर वेळी एक व्यंजन गळालं आणि त्याची भरपाई म्हणून स्वर लांबला. अक्षराचं वजन तेवढंच राहिलं. अशी रूपांतरं रा. गो. भांडारकरांनी १८७७ च्या विल्सन व्याख्यानांत उलगडली होती. एकट्या सातमध्ये स्वर लांबला, आणि सत्तावीस, सत्तेचाळीसमध्ये जुना सत्त शाबूत राहिला. आठ आणि अठ्ठावीस यांचंही तेच. मुलाला हे व्याकरण सांगायची गरज नाही. ‘सात, सत्त, सत्तावीस, आठ, अठ्ठ, अठ्ठावीस’ असं चार दिवस ठेक्यात म्हणवून घेतलं की संख्यानामातला आतला अंक त्याला ऐकू येऊ लागतो. हे माझ्या वर्गात दरवर्षी झालं आहे.

ज्या ऱ्हस्व-दीर्घाने मराठी माणूस जन्मभर घाबरलेला असतो, त्याचीही किल्ली इथेच आहे. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांत हे वेगवेगळे नियम म्हणून येतं: शेवटचा इकार-उकार दीर्घ, जसं पाणी, अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा दीर्घ, जसं गरीब, फूल, आणि पुढे रूप वाढलं की तोच ऱ्हस्व, जसं गरिबाला, फुलाला. कानाने बघा, हा एकच नियम आहे. बोलताना शब्दाच्या शेवटच्या अक्षरातला इ-उ लांबतो, आधीचे आखूड राहतात. पा-णी. ग-रीब्, कारण शेवटचा अ बोलला जातच नाही. फूल् हे एकच अक्षर, तेच शेवटचं, म्हणून दीर्घ. फु-ला-ला मध्ये ते पहिलं झालं, म्हणून ऱ्हस्व. विहीर, विहिरी. चूक, चुका. मूल, मुलगा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आणि आणि-नि सारखे अपवाद वेगळे शिकवावे लागतात, तिथे सुटका नाही. पण अस्सल मराठी शब्दांपुरतं, जे मूल अक्षर ऐकू शकतं त्याला हा नियम घोकावा लागत नाही, कारण तो त्याच्याच तोंडात आहे. मग आपण तो लाल शाईने का शिकवतो?

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे. अक्षरावर थांबून देवनागरी वाचता येत नाही. जपानी ‘काना’ लिपीची सेहेचाळीस चिन्हं पाठ करता येतात. अमेरिकेतल्या चेरोकी लोकांसाठी सेक्वोयाने १८२१ च्या सुमारास केलेल्या लिपीत पंच्याऐंशी चिन्हं उरली, एका अक्षराला एक, आणि लोक ती भराभर शिकले. आपल्याकडे बाराखड्या आणि जोडाक्षरं धरली तर आकृत्या शेकड्यांनी होतात. त्या पाठ करणं अशक्य. क् वेगळा आणि आ वेगळा हे मुलाला कधीतरी कळावंच लागतं. हे मला पूर्ण मान्य आहे. प्रश्न ‘कधी’चा आहे. १९७४ साली अमेरिकेत इझाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी मुलांना शब्दांच्या तुकड्यांवर टकटक करायला सांगितलं. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना अक्षरं मोजता आली. सुटे ध्वनी एकालाही मोजता आले नाहीत. पहिली संपताना अक्षरं ९० टक्क्यांना येत होती, ध्वनी ७० टक्क्यांना. पाच वर्षांनी पोर्तुगालमधल्या निरक्षर प्रौढांवरच्या अभ्यासात दिसलं की शब्दाच्या सुरुवातीचा एक ध्वनी काढून टाकणं त्यांना फार जड जातं. म्हणजे अक्षर माणसाला बोलण्यातूनच ऐकू येतं आणि सुटा ध्वनी बहुतेकांना लिपी शिकताना ऐकू येतो. इंग्रजी शाळांच्या पद्धतीने मराठीतही पहिल्याच दिवशी ‘क् अधिक आ’ करायला लावणारे वर्ग आता गल्लोगल्ली निघाले आहेत. त्यांना माझा प्रश्न आहे: बाराखडी काय करते? क, का, कि, की म्हणताना ती अख्खं अक्षर हातात देते, त्यातला एक भाग तसाच ठेवते आणि दुसरा बदलत नेते. अक्षरातून ध्वनीकडे जाणारी इतकी सोपी पायरी हाताशी असताना आपण ती पाठांतराची शिक्षा करून टाकली, हा दोष शिकवणाऱ्यांचा आहे, माझ्यासकट.

त्या सभेत बोलायला मला दोन मिनिटं मिळाली. मी एका दुपारची गोष्ट सांगितली. वर्गात आम्ही टाळ्यांचा खेळ घेत होतो. शब्द म्हणायचा आणि बोललेल्या प्रत्येक अक्षराला एक टाळी. रस्ता, दोन टाळ्या. बसता, दोन टाळ्या. मग मी दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले. वर्ग गप्प झाला. बांधकामावरून येणारा एक मुलगा, घरी कन्नड बोलणारा, उठून म्हणाला, “बाई, मग बसता जोडून का नाही लिहायचं?” मी म्हटलं, “बसेल म्हण. बसून म्हण. बसू दे म्हण.” तो म्हणत गेला आणि मध्येच थांबून म्हणाला, “बस तसाच राहतोय.” मग मी फळ्यावर ‘बस्ता’ लिहिलं आणि लग्नाच्या कपड्यांबद्दल सांगितलं. तो बराच वेळ दोन्ही शब्दांकडे बघत राहिला. “यात बसणं नाहीच,” तो म्हणाला, “यात बांधणं आहे,” आणि खाली बसून त्याने दोन टाळ्या वाजवल्या.